काटा साठावरच होता

इंदोरा, नागपूर
दि. ४ नोव्हेंबर २०२५

चि. दीप्तीस,
मामाचा सप्रेम जयभीम.

पत्रास कारण तुझा मामेभाऊ.

तू म्हणशील, मामांनी फोन काहून नाही केला? अवं, आमच्या घरी फोन स्पीकरवरच लागते. तुझ्या मामीले कानाशी धरला का डोकं दुखते. मी 'हॅलो' म्हणलं का अर्धा मोहल्ला 'कोण आहे वं' म्हणून विचारते. अन फॅमिली ग्रुप मी सोडला. तिथं 'रुपराव लेफ्ट' असं लागलं म्हणते. भंडाऱ्याच्या साळ्यानं ते वाचून आपल्या बहिणीले, प्रेमिलाले फोन केला का दहनघाटावर किती वाजता यायचं.

तं झालं असं. गेल्या गुरुवारी तुझ्या आईले कन्हानहून घेऊन गुडघ्याच्या डॉक्टरकडे आणून राहिलो होतो. नेहमीसारखंच. कामठी रोडवर आता कॅमेरे लागले आहेत. त्यातल्या एकानं आमचा फोटो काढला. साठाची हद्द, अन म्हणे तुमची गाडी चौसष्टनं होती. फोटोत तुझी आई मस्त आली आहे, माह्यापेक्षा चांगली. चालान आलं अंकुशच्या मोबाईलवर, कारण गाडी माह्या नावावर असली तरी नंबर त्याचा लागला आहे.

आता सुपुत्रानं काय करावं? बापाले बाजूले घेऊन विचारावं. यानं ते चालान ग्रुपवर टाकलं, खाली हात जोडलेले, अन लिहिलं, 'बाबांचे गाडी चालवणे आजपासून बंद. सर्वांनी सहकार्य करावे.' जसं का मंगळवारी नळ येणार नाही! चाबी काढून घेतली. कारण काय, तं 'बाबा, तुम्हाले काटा दिसत नाही.'

मले! वजनमापे खात्यात उभी नोकरी काढली मी. सोनाराच्या तराजूचा काटा केसभर हलला तरी इतवारीत दुकानं बंद पाडली. रिक्षाचे मीटर तपासून शिक्के मारले. अन मले काटा दिसत नाही म्हणते, ज्याले कपाटातला टॉवेल दिसत नाही तो!

दीप्ती, काटा साठावरच होता. मी पाहिला होता. तुले म्हणून सांगतो, चाबी गेली तं मी या घरातला सोफा झालो. सोफ्याले तरी पाहुणा आल्यावर कोणी झटकते. अन तुझ्या आईचं काय? अंकुश म्हणे, आत्याले ऑटोनं आणू. तिले ऑटोत चढवायले दोन माणसं अन उतरवायले चार लागतात.

वाचनालयातले मनोहरराव म्हणाले, टायरचं माप चुकलं का मीटर खोटं बोलते. तू तिकडं पुण्यात त्या टायरचंच काहीतरी बनवलं, असं तुझी आई सांगत होती. तं मले सांग. फोनवर नको. लेखी पाठव, स्पीड पोस्टानं. लेखीले वजन असते.

तुझा मामा,
रुपराव रामटेके
(निवृत्त, पण निकामी नाही)


पुणे
दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. रुपरावमामांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. आमच्या सोसायटीच्या वॉचमननं ते दोन्ही हातांनी आणून दिलं. त्याला वाटलं कोर्टाचं समन्स आहे.

मामा, आधी तुमचे आभार. गाड्यांच्या सुट्या भागांच्या वेबसाईटवर मी इतकी वर्षं काम करते, पण घरातल्या कोणीही आजवर मला कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. आई कन्हानमध्ये सगळ्यांना सांगते, पोरगी पुण्यात टायरचं करते. लोक समजतात मी पंक्चर काढते. मागच्या दिवाळीत शेजारच्या काकांनी सायकल आणून उभी केली होती.

तर हो, टायरच्या मापाचा कॅल्क्युलेटर मी बनवला आहे. जुनं माप टाका, नवं माप टाका, तो सांगतो की काटा साठावर असताना गाडी खरी किती वेगानं जाते. तत्त्व अगदी तुमच्या खात्यातलंच आहे. गाडी स्वतःचा वेग ओळखत नाही, ती फक्त चाकाचे फेरे मोजते. चाक कंपनीनं दिलंय तेवढंच आहे, असं ती बिचारी धरून चालते. चाक मोठं झालं तर प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि मीटरला पत्ताच नसतो. थोडक्यात, आपल्या घरातल्या कर्त्या पुरुषासारखं.

आता तुम्ही एक काम करा. टायरच्या बाजूला आकडे कोरलेले असतात, अमुक तिरपी रेघ तमुक, मग आर, मग एक आकडा. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या किती टक्के ते. शेवटचा आकडा आतल्या लोखंडी चाकाचा, तो इंचात. आणि मधला आर म्हणजे त्रिज्या नव्हे हो, तो टायरच्या बांधणीचा प्रकार आहे. आमच्या ऑफिसात दोन इंजिनिअर अजून त्रिज्याच समजतात.

ड्रायव्हरचं दार उघडलं की आत एक स्टिकर दिसेल. त्यावर कंपनीचं मूळ माप असतं. दोन्ही लिहून पाठवा. अंकुशला सध्या काही बोलू नका.

आणि मामा, चाबीचं मनावर घेऊ नका. मी तुमच्या बाजूनं आहे. आईच्या गुडघ्यासाठी मला इथून काहीच करता येत नाही, ते तुम्ही करता. हे मी विसरत नाही.

तुमची भाची,
दीप्ती


इंदोरा, नागपूर
दि. १४ नोव्हेंबर २०२५

चि. दीप्तीस,
मामाचा जयभीम. जोरात.

तुझं पत्र घेऊन सकाळीच अंगणात गाडीपाशी बसलो. चष्मा लावून, टायरले नाक लावून. प्रेमिला बाहेर आली अन म्हणे, "काय वाचून राहिले जी टायरवर? पेपर आला नाही का आज?" मी म्हणलं, पेपरात खरं नसते, इथं आहे.

पण आधी एक तक्रार नोंदव. हे माप कोण्या शहाण्यानं ठरवलं? एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के अन इंच! माह्या हद्दीत एखाद्या किराणावाल्यानं 'तांदूळ इतके ग्रॅम, त्याच्या इतके टक्के डाळ, अन तेल इतके शेर' असं लिहिलं असतं तं त्याचं शटर तिथंच खाली ओढलं असतं. आमच्या वेळी रिक्षाचा टायर वाचत नव्हतो, फिरवत होतो. खडूनं खूण करायची, माणसं बसवायची, गाडी ढकलायची, अन जमीन मोजायची. जमीन कोणाच्या बापाले भीत नाही.

असो. दारातल्या स्टिकरवर आहे १५५/८० आर १३.

अन टायरवर काय आहे माहीत आहे? १६५/८० आर १४.

तीनदा वाचलं. मग चारही चाकं पाहिली. चारही चौदाची. मी तं एकही बदलला नव्हता. मग आठवलं. जूनमध्ये मी अन तुझी मामी बोधगयेले गेलो होतो. परत आलो तं गाडीले चकचकीत चाकं लागलेली. अंकुश म्हणे, "बाबा, गल्लीतल्या स्पीड ब्रेकरवर गाडी खाली घासून राहिली होती, म्हणून थोडी उंच केली. ऑफिसच्या मित्रानं त्याची चाकं काढली, ती बसवली." अन मी काय केलं? मी त्याले 'शाब्बास' म्हणलं! त्या रात्री त्याच्या आवडीच्या पाटोड्या केल्या प्रेमिलानं. तेव्हापासून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं का चाक आतून खर्र करते. प्रेमिला म्हणे गाडीत घूस शिरली. आम्ही पिंजरा लावला होता, दीप्ती. त्यात चपाती ठेवून.

म्हणजे पाय त्यानं कुऱ्हाडीवर मारला, अन रक्त माह्यावर उडवलं. चोराच्या उलट्या बोंबा! टायर बदलणारा तो, अन काटा न दिसणारा मी!

आता तू तुह्या त्या यंत्रात हे आकडे टाक अन मले निकाल कळव. मी इकडे भाषणाची तयारी करून राहिलो. रोज आंघोळीच्या वेळी थोडं थोडं म्हणतो.

तुझा निर्दोष मामा,
रुपराव


पुणे
दि. १९ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

आंघोळ जरा लवकर आटपत जा, थंडी पडलीय. निकाल लागला आहे.

१५५ चे ८० टक्के म्हणजे १२४. ही भिंत वरही असते आणि खालीही, म्हणून दुप्पट, २४८. तेरा इंचाचं चाक म्हणजे ३३०. एकूण जुनं चाक ५७८ मिलिमीटर उंच. तसंच नवं केलं तर ते भरतं ६२०. म्हणजे नवं चाक सात टक्क्यांनी मोठं. कॅल्क्युलेटरनं तुमचे आकडे टाकताच सगळं पान लाल केलं. तीन टक्क्यांच्या वर गेलं की तो लाल होतो. आमच्या अंकुशदादांनी दुपटीनं बाजी मारली.

आता मुख्य मुद्दा. काटा साठावर असेल तर खरा वेग किती? माझा कॅल्क्युलेटर म्हणतो, ६४.३.

मामा, चौसष्ट! कॅमेऱ्यानं जे लिहिलं तेच! तुम्ही काटा साठावर ठेवला होता, तुम्हाला साठच दिसला, आणि गाडी गेली चौसष्टनं. तुमचे डोळे ठणठणीत आहेत, अंकुशची चाकं आजारी आहेत. हे पत्र त्याच्यासमोर ठेवा आणि चाबी घ्या. पुढचा गुरुवार तरी चुकायला नको. मागच्या गुरुवारी आई गेलीच नाही. "गुडघा आता बरा आहे" म्हणाली फोनवर. ती असं म्हणते तेव्हा तो बरा नसतो हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि ती चाकं मात्र काढायलाच सांगा. घूस नव्हती ती, टायर आतल्या प्लास्टिकवर घासतोय. असं घासून एखादे दिवशी फाटेल.

आता मोजामोजी, खडू वगैरे काही नको. गणित झालं आहे. शिक्का माझा समजा.

तुमची,
दीप्ती


इंदोरा, नागपूर
दि. २५ नोव्हेंबर २०२५

चि. दीप्तीस,
जयभीम.

रविवारी जेवणं झाल्यावर दरबार भरवला. प्रेमिला न्यायाधीश, कारण ती दोन्हीकडून बोलते. तुझं पत्र मी उभ्यानं वाचून दाखवलं. 'अंकुशची चाकं आजारी आहेत' हे वाक्य दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचणार होतो, पण प्रेमिला म्हणे, पुरे.

अंकुशचा चेहरा उतरला. खरंच उतरला. चाकं घासतात हे ऐकून तं तो उठून अंगणात गेला अन टॉर्च घेऊन पाहून आला. म्हणे, "चाकं मी बदलतो बाबा, चूक झाली." इथपर्यंत पोरगा माहाच वाटला. मग म्हणे कसा, "पण चाबी नाही देत."

"काहून?"

"दीप्तीताईचा कॅल्क्युलेटर दीप्तीताईनं बनवला. ती तुमचीच बाजू घेणार. तिची आई तुमच्या गाडीत बसते."

ऐकलं? तुले पक्षपाती म्हणे. मी लगेच खवळलो. म्हणलं, गणिताले मामा नसते! तं तो म्हणे, "मग रस्त्यावर मोजून दाखवा. तुम्हीच तं म्हणता ना बाबा, छापलेलं माप नाही पाहायचं, भरलेलं पाहायचं. साठाच्या काट्यावर गाडी चौसष्टनं गेली तं चाबी तुमची. मी दुसऱ्यांदा विषय नाही काढणार."

माहंच वाक्य मलेच फेकून मारलं. सापाच्या पिलाले दूध पाजलं म्हणतात ते हेच. पण खरं सांगू का, आतून बरं वाटलं. म्हणलं, काहीतरी कानात गेलं आहे याच्या.

तं येत्या रविवारी पारशिवनीच्या रस्त्यावर जाऊन राहिलो. तिकडे रस्ता सरळ आहे, सकाळी चिटपाखरू नसते, अन किलोमीटरचे दगड जागेवर आहेत. माही जुनी ऑफिसची स्टॉपवॉच काढून तेल घातलं. साठाच्या वेगानं एक किलोमीटर म्हणजे बरोबर एक मिनिट. चौसष्ट असन तं छप्पन सेकंद. इतकं सोपं आहे. तुह्या गणितावर मले भरोसा आहेच, पण मोजल्याशिवाय शिक्का मारायची सवय नाही.

फक्त एक शंका आहे, ती तूच मिटव. तुह्या यंत्रानं नवं चाक जुन्यापेक्षा किती मोठं ते सांगतलं. बरोबर. पण जुन्या चाकावर मीटर खरं होतं, हे त्याले कोणी सांगतलं? कंपनीनं शिक्का मारून दिला होता का?

तुझा मामा,
रुपराव


पुणे
दि. २८ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र शनिवारपर्यंत पोहोचावं म्हणून घाईत लिहिते आहे.

तुम्ही रविवारी कशाला जाता? थंडी आहे, धुकं असतं, स्टॉपवॉच जुनी आहे, दगडांची अंतरंही कुठे खरी असतात! सरकारी दगड ते. आणि टायर जुने घेतलेले, झिजलेले असणार. छापील माप वेगळं, झिजल्यावर वेगळं. हवा कमी असेल, तुम्ही दोघं बसाल, टायर दबेल, आकडा बदलेल. एवढ्या भानगडीत काहीतरी भलतंच निघायचं आणि अंकुशला आयतं कोलीत मिळायचं.

तुमची शंका चांगली आहे. त्यावर सविस्तर लिहीन कधीतरी. मोठा विषय आहे.

त्यापेक्षा असं करा, चाकं बदलून घ्या, मग मोजायचा प्रश्नच उरत नाही. अंकुशशी मी बोलते. तो माझं ऐकतो. मामा, प्लीज. आईला पुढच्या गुरुवारी नेणारं तुमच्याशिवाय कोणी नाही.

तुमची,
दीप्ती


इंदोरा, नागपूर
दि. १ डिसेंबर २०२५

चि. दीप्तीस,
मामाचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र शनिवारीच भेटलं. पोस्टानं या वेळी घात केला, वेळेवर आणलं.

बेटा, एका साध्या प्रश्नाले तू सोळा कारणं देऊन 'मोठा विषय आहे' म्हणलं, तेव्हाच मी समजलो. दुकानदाराले विचारलं का वजन कुठं आहे, अन तो हवापाणी सांगायले लागला का आम्ही समजून जायचो. मग वाचनालयात मनोहररावांच्या मोबाईलवर पाहून घेतलं. कंपन्या मीटर मुळातच जरा जास्त दाखवणारं बनवतात. खऱ्यापेक्षा कमी दाखवायची परवानगीच नाही त्याले. म्हणजे जुन्या चाकांवर काटा साठावर असला तं गाडी पंचावन्न-छप्पननंच जात होती. हे तुह्या यंत्रात नाही, पण तुले माहीत होतं. आईसाठी केलं, हे मले समजते. म्हणून रागावलो नाही. पण तुह्या शिक्क्याचं लायसन रद्द.

तरी मी रविवारी गेलोच.

पहिल्या फेरीत अंकुश गाडी चालवत होता, मी बाजूले, घड्याळ माह्या हातात. त्यानं काटा साठावर धरला. दगड ते दगड एकसष्ट सेकंद. पुन्हा केलं. पुन्हा तेच. म्हणजे काटा साठावर तेव्हा गाडी एकोणसाठनं. मीटर जवळजवळ खरं! अवं, काय गंमत आहे पाहा. कंपनीचं मीटर खोटं, अंकुशचा टायर चुकीचा, अन दोन्ही मिळून माप बरोबर. आमच्या खात्यात अख्ख्या हयातीत असं प्रकरण आलं नव्हतं. अन तुह्या यंत्राचा चौसष्ट अन कॅमेऱ्याचा चौसष्ट जुळला तो निव्वळ योगायोग.

अंकुशनं दगडापाशी गाडी उभी केली, उतरला, अन म्हणे, "आता तुम्ही चालवा बाबा. मी घड्याळ पकडतो."

महिनाभरानं स्टिअरिंग हातात आलं. काय सांगू तुले! रस्त्याच्या दोन्ही बाजूले कपाशी फुटलेली, ऊन कोवळं, अन गाडी अशी पळे जशी मालक ओळखून राहिली. मी काटा साठावर आणला. नीट पाहिला. दोनदा पाहिला. साठच. सुईएवढाही इकडे नाही का तिकडे नाही. म्हणलं, दगड आला का दाब बटन.

दुसऱ्या दगडापाशी त्यानं बटन दाबलं. जरा वेळ घड्याळीकडे पाहतच राहिला. मग म्हणे, "एकसष्ट, बाबा. सेम टु सेम. तुमचा काटा बरोबर आहे. कॅमेराच खराब असन त्यांचा."

अन खिशातून चाबीचं माहं ते जुनं रिंग काढलं, गाडीची दुसरी चाबी अन घराच्या चाब्या लावलेलं, अन माह्यासमोर ठेवलं. "घ्या. गुरुवारी आत्याले आणा."

मी गाडी बाजूले घेतली. हात पुढे केला, घड्याळ दे म्हणून. त्यानं दिली. जुनी घड्याळ आहे, दीप्ती, तिचा काटा शून्यावर न्यायले बटन अजून एकदा दाबा लागते. हे त्या पोट्ट्याले माहीत नव्हतं. मी घड्याळ डोळ्यापाशी आणली. जवळचं मले दिसते. छप्पन सेकंद.

छप्पन. म्हणजे चौसष्ट. म्हणजे माह्या डोळ्याले जिथं साठ दिसत होते तिथं काटा पासष्टावर होता. त्या गुरुवारी बी तसाच असन. कॅमेरा खरा, मीटर खरं, रस्त्यावरचे दगड बी खरे. खोटं माप एकच होतं त्या गाडीत, अन ते ड्रायव्हरच्या सीटवर बसलं होतं. त्या बाजूच्या सीटवर तुझी आई बसते, हे मनात आलं अन मले थंडीत घाम फुटला. रडू बी आलं थोडं. चष्मा पुसायचं निमित्त केलं.

अंकुश बाहेर कपाशीकडे पाहून राहिला होता. त्याले वाटलं मले कळलं नाही. ज्यानं सगळ्या गावासमोर माही चाबी काढून घेतली, त्यानं त्या सुनसान रस्त्यावर बापाचं तोंड पाहून पाच सेकंद मनचे घातले. उभ्या नोकरीत मले खोटं माप देणारे शेकड्यानं भेटले, पण सगळे गिऱ्हाइकाले लुटायले देत. बापाले काही वाटू नये म्हणून खोटं माप देणारा हा पहिलाच. अन मले त्याले पकडता आलं नाही. पकडायचं मनातच आलं नाही.

डोळ्याच्या डॉक्टरकडे बुधवारची वेळ घेतली आहे. मनोहररावांचा तिथं मोतीबिंदू काढला. प्रेमिलाले फक्त चष्म्याचा नंबर म्हणून सांगतलं. ऑपरेशन झालं का पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच दगडांपाशी मोजू. तोवर गुरुवारी तुझ्या आईले अंकुश आणन, मी मागं बसून दोघांच्या चुका काढीन. त्यानं अर्ध्या दिवसाची सुटी बी टाकली आहे. तू त्याले यातलं काही बोलू नको. माही शपथ आहे तुले.

कारण मी त्याले काही सांगतलं नाही. घड्याळ बंद करून खिशात टाकली, गाडीतून उतरलो, फिरून त्याच्या बाजूचं दार उघडलं अन चाबी त्याच्या हातात ठेवली.

"काहून बाबा? काटा तं बरोबर निघाला ना?"

"निघाला. पण मले आता गाडी चालवायचा कंटाळा आला. तूच चालव."

एवढं खोटं माप मी जिंदगीत दिलं नव्हतं, दीप्ती. त्यानं ते न तपासता घेतलं.

तुझा मामा,
रुपराव